उलट्या हातांची दीर्घिका

“मोजमापं चुकली, हे कशावरून ठरवलंस?” आजरेकर सरांनी विचारलं.

“दीर्घिकेच्या हातांवरून,” श्रीरंग म्हणाला.

निवृत्तीनंतर सर टेकडीवरच्या जुन्या वेधशाळेतच राहत. श्रीरंग त्यांचा लाडका विद्यार्थी. डॉक्टरेट अजून मिळायची होती, चालण्यात मात्र ती आलेली होती. सोमवारी प्रबंध परीक्षकांपुढे जायचा होता. त्याआधी सरांच्या तोंडून ‘उत्तम’ ऐकावं, एवढ्यासाठी तो चढून आला होता.

त्याने फोटो पुढे केला. असंख्य ताऱ्यांचं एक चक्र, त्यातून निघालेले दोन लांब, वळलेले हात.

“मोजमापं म्हणतात, ही घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. तसं धरलं तर हात तिच्या पुढे धावतात, सर! अशक्य. म्हणून मी मोजमापं बाद केली. ही काट्यांच्या उलटच फिरते.”

“मोजली कोणी?”

“मीच. दोन हिवाळे.”

“दुर्बीण बिघडली होती?”

“नाही.”

“डोळा लागला होता?”

“सर!”

“मग?”

“नियम आहे ना!” श्रीरंगने सरांच्या खांद्यावरच्या उपरण्याकडे बोट दाखवलं. “धावणाऱ्याचं उपरणं मागेच उडतं. तसे दीर्घिकेचे हात मागेच राहतात. तुम्हीच शिकवलंत, पहिल्या वर्षाला.”

“हो… मीच.”

सर उठले, धोतराचा सोगा वर खोचला आणि अंगणातून चक्क पळत सुटले.

श्रीरंगच्या हातातला चहा सांडला. सरांचं वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी त्यांना जिन्याकडे बघायचीसुद्धा मनाई केली होती.

“सर! अहो, पडाल!”

टेकडीवरचा वारा सरांच्या पाठीमागून घोंगावत होता. सर पळत होते आणि त्यांचं उपरणं त्यांच्या नाकासमोर, हातभर पुढे, फडफडत चाललं होतं.

कुंपण धरून ते थांबले. श्रीरंग मागोमाग पोचला, चेहरा पांढराफटक.

“काय दिसलं?” सरांनी धापा टाकत विचारलं.

“उपरणं… पुढे होतं.” त्याच्या मुठीत फोटो चुरगळला होता. “पण सर, मागून वारा होता!”

बोलून गेला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

सरांनी उपरण्याने घाम पुसला.

“असं होय? मला वाटलं, मी उलटा पळत होतो.”