फ्लेक्समागची पाटी

“पण पाटी दिसत होती की नव्हती? एवढंच सांगा, बाबा.”

लतीफबाबा दर्ग्याच्या ओट्यावरची पानं झाडत राहिले.

मुकुंदराव रायरीकर उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते. वकील नव्हते ते, पण त्यांच्या सोसायटीत कुणाच्या मोबाइलवर चलन आलं की माणूस आधी त्यांचं दार वाजवायचा. कुठे गाडी लावायची, कुठे नाही, हवालदाराला काय विचारायचं, अर्जात काय लिहायचं, सगळं तोंडपाठ. अशा माणसाच्या गाडीच्या चाकाला जॅमर लागला, तोही या दर्ग्यासमोर, हॉस्पिटलच्या दारात. लोक हसले असते. पण त्या दिवशी जे झालं त्यामुळे कुणी हसलं नाही.

“विषम तारीख होती,” मुकुंदराव म्हणाले. “त्या बाजूला फक्त सम तारखेला गाडी लावायची. मान्य. पण परक्या रस्त्यावर माणूस पाटीच बघणार ना? आणि पाटीवर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! हवालदाराला मी तिथल्या तिथे दाखवलं. ऐकून घेईना.”

“दंड भरून टाका, साहेब.”

“लोकअदालतीत निम्म्यावर मिटवत होते. नाही मिटवलं. तडजोड म्हणजे कबुली.”

“मग?”

“मग तुम्ही. तुम्ही रोज इथे बसता, त्या दिवशीही होतात. सोमवारी तारीख आहे. कोर्टात येऊन सांगा, पाटी झाकलेली होती.”

बाबा झाडत राहिले.

मुकुंदरावांचा आवाज खाली आला.

“वर माझी बायको होती, बाबा. दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आजचा दिवस निघणं कठीण. सकाळपासून मी तिच्या उशाशी. वॉचमन सांगत आला, तुमच्या गाडीला जॅमर लावतायत. तिला म्हटलं, आलोच...”

“आणि?”

“वर गेलो तेव्हा संपलं होतं.”

हे सांगतानाही ते रडले नाहीत. दोन वर्षांत त्यांचं रडायचं राहूनच गेलं होतं. अर्ज मात्र पुष्कळ लिहून झाले होते.

“त्या हवालदारानं मला अडवून ठेवलं. चूक त्याची होती, हे कोर्टाच्या तोंडून आलं पाहिजे. मुलगी बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं, गाडीपायी मी तिच्या आईला... तिला निकाल दाखवायचाय मला. दुसरं काही नको.”

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला.

“पाटी दिसत नव्हती,” ते म्हणाले. “फ्लेक्स आडवा होता. तुमचं बरोबर होतं.”

मुकुंदराव मटकन ओट्यावर बसले. दोन वर्षांत हे एकानंही म्हटलं नव्हतं. त्यांनी फाइल छातीशी धरली आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की बाबांचे पाय धरावेत.

“याल ना मग? मी रिक्षा पाठवतो.”

“येईन. काय विचारतील?”

“फार नाही हो. पाटी कुठे होती, मी काय म्हणालो, हवालदार काय म्हणाला. डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं.”

“सगळं?”

“सगळं. हातचं राखून बोललं की साक्ष पडते.” नियम सांगायची सवय काही जात नाही.

बाबांनी मान हलवली. मग समोरच्या हॉस्पिटलकडे बोट केलं.

“त्या गॅलरीत सिस्टर आली होती. हात हलवून तुम्हाला वर बोलावत होती. गाड्यांच्या आवाजात तिची हाक ऐकू येईना. मी रस्ता ओलांडून आलो, तुमच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, साहेब, वर बोलावतायत.”

“नाही... मला आठवत नाही.”

“हवालदारानंही वर पाहिलं. म्हणाला, जा साहेब, आधी वर जा, जॅमरचं नंतर बघू.”

“खोटं!” मुकुंदराव उठले. “त्यानंच मला अडवलं. त्यानं! तुम्ही येऊ नका साक्षीला. नकोच...”

ते वळले. बाबांनी मागून त्यांची बाही पकडली.

“सोडा, बाबा.”

बाबांनी सोडली नाही. म्हातारा हात, पण पकड पक्की.

“सोडा म्हणतो ना! जाऊ द्या मला!”

रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली. मुकुंदरावांनी हिसका दिला, बाही उसवली, तरी मूठ सुटेना.

“हवालदारही हेच म्हणत होता, साहेब,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात काढून घेतला.

मुकुंदराव तिथेच उभे राहिले. आता त्यांना कुणी धरलेलं नव्हतं, पण पाय उचलेना. समोर गॅलरी होती. तिथे कुणीतरी टॉवेल वाळत घालत होतं. ते बघत राहिले आणि त्यांना सगळं आठवलं. हवालदाराची खाकी बाही, तिचं सैल झालेलं बटण, आपली बोटं... आणि वर न बघता आपण म्हणालेलो, थांबा हो, आधी याचा निकाल लागू दे.

फाइल हातातून घसरली. कागद ओट्यावर पसरले. ते उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

“बाबा... आता काय करू?”

बाबांनी कागद गोळा केले, नीट लावले आणि फाइल त्यांच्या हातात दिली.

“सोमवारी मी येतो. तुम्ही मुलीला घेऊन या.”