घड्यात उरलेलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. ग्रीकांच्या मुलखात समुद्राकाठी एक नगर होतं. तिथे राजा नव्हता. खटला आला की चिठ्ठ्या टाकून पाचशे नागरिक निवडत आणि तेच न्याय करत. त्यांत कोळी असत, कुंभार असत, जमीनदारही असत. मला तर एवढं ऐकूनच नवल वाटतं.

बोलायला वेळ मोजून मिळे. मातीच्या घड्याला तळाशी बारीक भोक असे. फिर्यादीला एक घडा पाणी, आरोपीलाही तेवढंच. पाणी संपलं की बोलणं संपलं. याहून सरळ न्याय असूच शकत नाही, असं त्या लोकांना वाटे.

एकदा देवीच्या देवळातलं काशाचं घंगाळ नाहीसं झालं. छप्पर दुरुस्त करणाऱ्या पाथरवटावर आळ आला. शिक्षा होती जन्मभराची हद्दपारी. फिर्याद केली नगरातल्या सर्वांत नावाजलेल्या वक्त्याने. तिथला कायदाही मोठा कडक. फिर्याद टिकली नाही, तर फिर्यादीने सभेत पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही. पण हा गृहस्थ आजवर हरलाच नव्हता.

तो अर्ध्या घड्यातच बोलणं आटोपून बसला. भोकाला मेण लावून त्याचा घडा बाजूला ठेवला गेला.

मग पाथरवट उठला. बिचारा तोतरा होता. त्याने पुजाऱ्यालाही सगळं सांगायचा प्रयत्न केला होता, पण थांबून ऐकतो कोण! आता तर पाचशे माणसं समोर. त्याला घाम फुटला, लोक हसू लागले. "देवीच्या डोक्यावर" एवढे दोनच शब्द कसेबसे निघाले आणि पाणी संपलं. शिपायाने त्याला खाली बसवलं.

वक्ता मात्र त्याच्या ओठांकडे पाहत होता. ते अजून हलत होते.

तो उठून म्हणाला, "माझ्या घड्यात पाणी उरलंय. ते याला द्या."

मित्रांनी त्याला मागे ओढलं, जिंकलेला खटला घालवू नकोस म्हणून विनवलं.

"त्याला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "ते न ऐकता मी जिंकलो, असं कसं म्हणू?"

मेण काढलं. आता कोणी हसलं नाही. पाथरवटाने एकेक शब्द ओढून काढला. "देवीच्या डोक्यावर छप्पर गळत होतं. घंगाळ मी वर तुळईवर ठेवलंय. भरलं असेल."

माणसं धावली. घंगाळ काठोकाठ भरलेलं सापडलं.

पाथरवट सुटला. वक्त्याला या वेळी सूट द्यावी, असं कित्येकांनी सुचवलं. त्याने नुसता हात हलवून नको म्हटलं. बोलण्याची बंदी त्याने त्या क्षणापासूनच पाळायला घेतली होती. तो एक शब्द न बोलता दाराकडे चालू लागला, तेव्हा पाचशेच्या पाचशे माणसं उठून उभी राहिली.

तो पुढे वीस वर्षं जगला, पण सभेत बोलला नाही. त्या नगरात मात्र घडा रिकामा झाला की आरोपीला विचारायची रीत पडली, "तुझं सांगून झालं का?"

तात्पर्य: समोरच्याचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय न्याय पुरा होत नाही.