कुडापलीकडची गोधडी

एकदा एका काजूच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात चोर शिरला. घरात अजून शिरायचा होता, पण डोक्यात मात्र त्याने चांगला मुक्काम ठोकला. शेजारच्या वाडीत दरोडा पडून एका वृद्धाचा हात मोडला होता, त्यामुळे भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मधुसूदनशेटांकडे परवान्याची बाराबोरी बंदूक होतीच. प्रश्न काडतुसाचा होता.

ज्यांच्याकडे ते नेमबाजी शिकले, त्या सुभेदारआबांकडे ते गेले. आबांची हयात फौजेत जवानांना नेम शिकवण्यात गेलेली.

“आबा, सगळ्यांत जबर काडतूस कुठलं ते सांगा. एका बारात चोर आडवा झाला पाहिजे!”

“चोर येणार कुठून?”

“मागीलदारानं. मी ओटीच्या दारात उभा, समोर माजघर.” शेटांनी रिकाम्या हातांनीच बंदूक रोखून दाखवली. हौस दांडगी!

“आणि चोराच्या मागे काय?”

“मागे भिंत.”

“भिंतीपलीकडे?”

“आमची मृण्मयी झोपते. म्हणून तर म्हणतो, तो तिच्यापर्यंत पोचताच कामा नये.”

आबांनी शेटांचे रोखलेले हात खाली केले. मग म्हणाले, “उद्या सकाळी बंदूक-काडतुसं घेऊन माझ्या गोठ्यावर या. येताना मुलीची गोधडी आणा.”

“आबांना थंडी भरली की काय?” शेटांच्या पत्नीने, शालनताईंनी, गोधडी काढून देताना विचारले. शेटांना तरी कुठे ठाऊक होते!

आबांचा गोठा रिकामाच होता. त्याला शेटांच्या माजघरामागे होता तसाच, कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड होता आणि मागे डोंगराचा उभा कडा. आबा गोधडी घेऊन कुडामागे गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. कुडाच्या अलीकडे त्यांनी पेंढ्याने भरलेले पोते उभे केले, माजघराएवढे अंतर मोजले आणि म्हणाले, “हा तुमचा चोर. मारा.”

शेटांनी जाड छर्‍यांचे काडतूस घातले आणि बार काढला. पोत्याच्या चिंध्या झाल्या.

“बघितलंत आबा? कंबरडंच मोडलं!”

“नेम झकास. आता पलीकडे चला.”

पलीकडे दोरीवर गोधडी टांगलेली होती. लुगड्यांचे सगळे थर फाडून छर्रे आरपार गेले होते. शेटांनी एका भोकात बोट घातले, ते पलीकडून बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरीही व्यापारी तो व्यापारीच, दुसरा माल विचारल्याशिवाय कसा राहील?

“मग बारीक छर्‍यांचं घेऊ. ते कुडातच अडकेल.”

“मारून बघा की.”

दुसरा बार झाला. या वेळी शेट न सांगता धावत पलीकडे गेले. नवी भोके लहान होती, पण होती. शेट मटकन खाली बसले आणि चक्क रडू लागले.

आबा त्यांच्या शेजारी टेकले. “शेट, आपण सगळेच घरातल्या कुडाला भिंत म्हणतो. तसबीर टांगायला ती भिंतच आहे. काडतुसाच्या लेखी मात्र तो नुसता आडोसा. धडधाकट माणसाला जे थांबवतं, ते शेणामातीला दाद देत नाही. बारीक छर्‍याचा जोर लवकर सरतो, म्हणून घरात मी तोच वापरीन. पण त्याच्या भरवशावर लेकरू निजवणार नाही. आधी आपली माणसं तुमच्या त्या चिऱ्याच्या, दगडी भिंतींच्या खोलीत एकत्र घ्या, दाराला आतून कडी, हाताशी फोन. मग तुमची जागा अशी ठरवा, की तुमच्या नळीसमोर आपलं कुणीच नसेल. एरवी बंदूक कुलपात. एवढं सगळं झालं की काडतूस निवडायचं.”

शेट घरी आले. गोधडी पाहून शालनताई आधी चकित झाल्या आणि सगळे ऐकल्यावर ती छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग कडाडल्या, “इतके दिवस त्या कुडाकडे बंदूक रोखून बघत होतात? कमाल आहे हो तुमची! उचला पोरीची खाट, चिऱ्याच्या खोलीत नेऊ.” खाटेचे दुसरे टोक त्यांनी स्वतःच धरले.

पुढच्या आठवड्यात आबा सहज डोकावले. ओटीवर चहा घेता घेता म्हणाले, “शेट, समजा चोर आला. पहिलं काय कराल?”

शेटांचे हात या वेळी मांडीवरच राहिले.

“आधी हाक मारीन. शालनला आणि मृण्मयीला. दोघींनी चिऱ्याच्या खोलीतून ओ दिली, तरच बंदुकीला हात.”

आपले नाव कानांवर पडले म्हणून की काय, आतून, दगडी भिंतींमागून, मुलीने खरोखरच ओ दिली.