फांदी ओढून पाहायची राहिली

फार फार पूर्वीची गोष्ट. गळ्याशपथ सांगतो, अक्षर न् अक्षर खरी आहे, मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा माझा पणजासुद्धा जन्मला नव्हता, ते सोडा.

एका विहिरीवर बाभूळ ओणवली होती. तिच्या लांब फांदीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पिवळ्या टोपीचा एक नर वस्तीचा नाईक. त्यांच्यात रीत अशी, की नराने घरटं विणायचं आणि मादीने ते चोचीने ओढून, हिसके देऊन पाहायचं. टिकलं तरच आत अंडी.

एके वर्षी अंडी घालायच्या तोंडावर सभा भरली. वस्तीतली म्हातारी आत्या म्हणाली, "फांदी वाळवीनं आतून पोखरलीय. घरटी ओढून बघता ना, तशी सगळ्यांनी मिळून एकदा फांदी ओढून बघा. कडकडली, तर पलीकडच्या शिंदीच्या झाडावर जाऊ."

साधी गोष्ट. ओढायचं, बघायचं. पण नाईक फुगला.

"ऐकलंत? आत्याबाई म्हणतात, तुमची घरटी कुचकामी!"

"असं कधी म्हणाले मी? मी फांदीचं..."

"म्हणतात, आपले वाडवडील मूर्ख, म्हणून या फांदीवर राहिले!"

"अरे बाबा, वाडवडिलांच्या वेळी वाळवी..."

"आणि मागच्या साली कावळ्यानं अंडी पळवली, तेव्हा कुठे होतात? तुम्हाला तर उडताना धाप लागते. धाप लागलेल्याला सगळंच हलताना दिसतं!"

पाखरं हसून लोळली. त्या कलकलाटात फांदी ओढायची राहूनच गेली. आत्या हरली, नाईक जिंकला. फांदीला मात्र हा निकाल कुणी कळवला नाही.

पंधरा दिवसांनी वारा सुटला आणि फांदी मोडली. मोठी पाखरं उडाली. अंडी विहिरीत गेली. नाईकाचीही तीन.

तो काट्यांत मान खुपसून बसला. आत्या धापा टाकत शेजारी येऊन बसली. त्याला वाटलं, आता टोमणा येणार.

"वाळवी तुलाही दिसली होती ना रे?"

"दिसली होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "पण आत्या, माझी दोन घरटी घरवालीनं नापास केली होती. तिसरं कसंबसं जमलं. शिंदीवर जाऊन चौथं विणायला चोचीत बळ नव्हतं."

"मग तेवढंच बोलायचंस की! आम्ही गवताची पाती आणून दिली असती. सगळ्यांनी मिळून विणलं असतं."

एक तरुण मादी म्हणाली, "हसलो तर आम्हीच होतो." तिची पहिलीच अंडी होती.

दुसऱ्या दिवशी सारी वस्ती शिंदीवर गेली. आधी सगळे झावळीला लोंबकळले, जोर लावून ओढून पाहिलं. मग प्रत्येकानं एकेक पातं आणून नाईकासमोर ठेवलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याच्या तोंडी खोटं घालून वाद जिंकण्यापेक्षा आपल्या पोटातलं खरं बोलावं.

आता कबूल करतो, यात थोडं माझ्या पदरचं आहे. पाखरं बोलली, ते खरं. नाईकानं सगळ्यांदेखत चूक मान्य केली, तेवढं मी रचलं. तसं कधीतरी व्हावं, असं फार वाटतं म्हणून.