सुगरणीची सातवी गाठ

पाखरं एकमेकांची घरं बांधून देत, तेव्हाची ही गोष्ट. वादळात सुगरणीची बाभूळ पडली. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते आणि आसरा उरला होता फक्त कड्याचा. कड्यावर घर बांधावं ते पाकोळीनंच. पण सुगरण आराखडा मांडायची गवताच्या गाठींत आणि पाकोळीला कळायचे चिखलाचे ठिपके.

म्हणून सुगरण सुतार पक्ष्याकडे गेली. त्याच्या ढोलीत गाठी टाकल्या, की त्याच घराचे ठिपके बाहेर येत.

ठिपके आले, पण मधे एक जागा कोरी होती.

"सातवी गाठ चिखलात उतरत नाही, सुगरणताई," सुतार म्हणाला.

सुगरण चिडली. "मग काहीतरी ठोकून द्यायचं! पाकोळीला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार. तुमच्या पिल्लांना कळेल."

ठिपके घेऊन सुगरण स्वतःच पाकोळीकडे गेली.

"या कोऱ्या जागी काय होतं गं?" पाकोळीनं विचारलं.

"झोका. घर हलतं राहिलं की सापाला चढता येत नाही."

"असं होय! मग कड्याच्या पोटाला, खालच्या अंगानं घर चिकटवू. तिथं सापाला धरायला काही मिळायचं नाही."

त्या पावसाळ्यात साप दोनदा कड्यापर्यंत येऊन परत गेला. सुगरणीची तिन्ही पिल्लं उडाली.