धाकोजीची खिडकी

ऐका. निळकोंडाला गाडीवाट नव्हती, गावात कौलाचं एकही घर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे ती बायकाच सांगतात. पुरुषांनाही माहीत असते, पण गोष्ट निघाली की ते उठून बाहेर जातात.

निळकोंड सह्याद्रीच्या कड्याच्या अगदी पायाशी आहे. पूर्वेला कडा, दक्षिणेला डोंगर. सूर्य आधी कड्यामागे अडतो आणि मग डोंगरामागे जातो. पौषात तर तो दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. त्या काळची घरं बुटकी, जाड भिंतींची, एकाच दाराची. पावसाचं भय, वाऱ्याचं भय, वाघाचं भय. घर जितकं अंधारं तितकं सुखरूप, असं सगळे धरून चालत.

अशा या गावात धाकोजी नावाचा गवंडी होऊन गेला. त्याच्यासारखा हात पुन्हा कुणाला आला नाही, असं म्हणतात. जांभ्याचा चिरा तो नुसता तळव्याने चाचपायचा आणि तो भिंतीत कुठे बसेल ते सांगायचा. रुंदी एवढी असली तर उंची केवढी हवी, छप्पर किती पुढे आलं म्हणजे घराचं तोंड झाकलं जात नाही, हे त्याला डोळ्यांनीच कळायचं. कुणाच्या नव्या घरात पाऊल टाकलं की तो थबकायचा. म्हणायचा, "दार अवघडून उभं आहे. चार बोटं वर घ्या." लोक हसायचे. पण दार वर घेतलं की घर मोकळं झाल्यासारखं वाटायचं. घाटावरून, बंदरावरून माणसं त्याला न्यायला यायची. त्याने बांधलेल्या देवळांत लोक दर्शन झाल्यावरही उगीच बसून राहायचे, असं म्हणतात.

तो स्वतः मात्र बापाच्या जुन्या घरात राहत होता. सोबत बायको, आवडी. तिची पहिली दोन मुलं जगली नव्हती. तिसरी मुलगी झाली तेव्हा काळाची नजर तिच्यावर पडू नये म्हणून तिचं नाव भिकी ठेवलं. भिकी जगली. पण तिच्या बरोबरीची पोरं अंगणात धावू लागली तरी ती उभी राहीना. तिचे पाय धनुकलीसारखे वाकत चालले. उचललं की हाडं दुखायची आणि ती किंचाळायची. आईने उचललं तरी किंचाळायची. एक बापच तिला असा अलगद उचलायचा की ती रडत नसे. इतकी वर्षं नाजूक नक्षीचे दगड न खरचटता उचलायची त्याच्या हातांना सवय होती.

गावात पारू नावाची म्हातारी सुईण होती. तिने पोरीचे पाय हातात घेऊन पाहिले, मग घराकडे पाहिलं.

"धाकोजी, तुझ्या घरात उंदीरसुद्धा चाचपडत फिरत असेल," ती म्हणाली. "पोरीच्या हाडांना ऊन लागू दे. रोज लागू दे. दुसरं औषध मला ठाऊक नाही."

धाकोजीने ते मनावर घेतलं. तिथेच सगळं चुकत गेलं.

गावाच्या वर एक टेपाड आहे. कडा आणि डोंगर यांच्यामधली खिंड तिथून सरळ समोर दिसते. पौषातही सूर्य त्या खिंडीत येतो आणि टेपाडावर ऊन पडतं. धाकोजीने तिथे काठ्या रोवल्या, सावल्या पाहिल्या, जागा नक्की केली. आवडीला म्हणाला, "असं घर बांधतो की खिडकीतून ऊन येऊन नेमकं हिच्या अंथरुणावर बसेल."

आवडीला आनंद झाला. तीही डोक्यावरून चिरे वाहू लागली.

पहिली भिंत उभी राहिली, खिडकी झाली, ऊन आत आलं. धाकोजी आत उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. ऊन होतं, पण खिडकी भिंतीत रुतल्यासारखी दिसत होती. त्याने भिंत पाडली. पुन्हा बांधली. या वेळी खिडकी छान झाली, तर वरचं छप्पर तिच्या कपाळावर आल्यासारखं वाटलं. तेही उतरवलं. असं किती वेळा झालं, ते कुणी मोजलं नाही. गावातली माणसं वर जाऊन बघायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची की याहून सुंदर घर आम्ही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घर जमिनीवर असायचं.

खाली अंधारात भिकी झोपून असायची. बाप चुन्याने माखून घरी आला की विचारायची, "बाबा, मला वर नेता?"

"खिडकी झाली की नेतो."

"मी दगडावर बसेन."

"दगडावर कशाला बाय? तुझ्यासाठी जागा करतोय ना. थोडी कळ काढ."

आवडी एकदा कळवळून म्हणाली, "अहो, रोज घटकाभर तिला नुसती तिथे नेऊन बसवा. भिंत नंतर बांधा."

"उघड्यावर वारा लागेल तिला," धाकोजी म्हणाला. पुढे म्हणाला, "आणि ऊन फरशीवर तिरपं पडतंय. तिच्या अंथरुणासाठी केलेल्या चौथऱ्यापाशी तुटतंय. ते नीट झालं पाहिजे."

"उन्हाला आकार कशाला हवा? तिला ऊब हवीय."

धाकोजीला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तो वाईट बाप नव्हता. सगळ्या जगात मुलीसाठीच राबणारा माणूस तो. पण त्याच्या डोळ्यांपुढे असलेली मुलगी त्या पुऱ्या झालेल्या घरातली होती, आणि खरी मुलगी खाली होती.

पावसाळा आला. टेपाडावरच्या भिंती पेंढ्याने झाकून ठेवल्या. खाली घराच्या भिंतींना ओल आली. भिकीला खोकला लागला तो दिवाळीनंतरही गेला नाही. धाकोजीने पेंढा काढला आणि पुन्हा काम धरलं. या वेळी त्याचा हात असा चालला की चिरे आपणहून जागेवर जाऊन बसत होते, असं म्हणतात.

पौषात घर पुरं झालं. सकाळी खिंडीत सूर्य आला आणि ऊन खिडकीतून आत उतरलं. कुठे तुटलं नाही, कुठे वाकलं नाही. सगळी खोली उजेडाने शांत झाली. आत आलेल्या माणसांचे आवाज आपोआप खाली गेले. त्यांतली काही रडली, असं म्हणतात, आणि का रडलो ते त्यांना सांगता आलं नाही.

धाकोजी धावत खाली गेला. भिकीला दोन्ही हातांवर घेऊन वर आला. ती कापसासारखी हलकी झाली होती. त्याने तिला त्या उन्हात ठेवलं.

भिकीने डोळे गच्च मिटले. हात तोंडावर घेतले आणि भिंतीकडे वळली.

"बाबा, टोचतंय," ती म्हणाली. "घरी चला."

"जरा वेळ, बाय. सवय होईल."

"घरी चला ना."

इतके दिवस अंधारात राहिलेल्या त्या डोळ्यांना ऊन सोसलं नाही. धाकोजीने तिला परत खाली नेलं. आपल्या ओल्या कोपऱ्यात ती निवांत झोपली. चार-सहा दिवसांनी त्याच कोपऱ्यात ती गेली.

आवडी रडली नाही. कितीतरी दिवस ती बोललीही नाही. शेवटी धाकोजी तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "मला शिव्या दे. काहीतरी बोल."

आवडी म्हणाली, "काय बोलू? तुमचं घर चांगलं झालंय."

त्यानंतर धाकोजीने छिन्नी-हातोडा घेतला आणि तो गावात शिरला. ज्या घरात लहान मूल, त्या घराच्या भिंतीला भोक पाडू लागला. ओळंबा नाही, दोरी नाही. बोटभर चूक न खपणारा तो माणूस, आणि आता वेडीवाकडी, फाटक्या तोंडाची भोकं पाडत सुटला होता. लोक आडवे आले. कुणी त्याला ढकललं, कुणी मारलं. तो रात्र पडेपर्यंत बाहेर बसायचा आणि सकाळी पुन्हा त्याच भिंतीपाशी यायचा. "पोराला ऊन लागू दे," एवढंच म्हणायचा. काहींनी भोकं चिखलाने बुजवली, काहींनी कंटाळून तशीच ठेवली. ज्यांनी ठेवली त्यांची मुलं सरळ पायांनी वाढली. गावाला ते कळायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर धाकोजी राहिला नव्हता.

तो कसा गेला याबद्दल गावाचं एकमत नाही. कुणी म्हणतं, दरीत पडला. बायका मात्र वेगळं सांगतात. पौषातल्या एका सकाळी तो टेपाडावरच्या घरात जाऊन उन्हात बसला. ऊन सरकलं तसा तोही जमिनीवरून सरकत गेला. सूर्य डोंगराआड गेला, फरशीवरचं ऊन विझलं, आणि जिथे तो बसला होता तिथे कुणीच नव्हतं, असं म्हणतात. आवडीला सांगायला माणसं धावली. ती दळत होती. तिने जातं थांबवलं नाही.

आवडी खूप जगली. त्या घरात ती कधी राहिली नाही, दुसरंही कुणी राहिलं नाही. छप्पर केव्हाच गेलं. भिंती अजून उभ्या आहेत.

निळकोंडात आता कौलाची घरं आहेत, स्लॅबचीही आहेत. पण अजूनही कुणी घर बांधायला काढलं की पहिली भिंत छातीपर्यंत येताच काम थांबतं. घरातली बाई पुढे होते आणि हाताला येईल त्या हत्याराने भिंतीत एक खिडकी फोडते. वाकडी होते, लहानमोठी होते. तिला धाकोजीची खिडकी म्हणतात. बाहेरगावचा एखादा गवंडी तिच्या कडा सारख्या करायला जातो, तेव्हा त्याला सगळे मिळून अडवतात. मग गोधडी आणतात, घरातलं सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत अशक्त माणूस तिथे आणून बसवतात, आणि ऊन त्याच्या अंगावर आलं की काम पुन्हा सुरू होतं. घर पुरं व्हायला कधी वर्ष जातं, कधी दोन. काही घरं पुरी होतच नाहीत.