वाढपी

“मग भैरू कुठं जाईल?” बुवांनी विचारलं.

“बघेल कुठंतरी,” विश्वनाथ म्हणाला. “सगळेच वाढपी कमी करतोय, बुवा. त्याच्या एकट्यासाठी कसा थांबू?”

विश्वनाथची मिरजेत मोठी खानावळ. उद्यापासून तिथे गिऱ्हाइकांनीच ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हवं ते आपल्या हातानं घ्यायचं. त्यासाठी तो मठात आशीर्वाद मागायला आला होता. भैरू बाहेर गाडीत बसला होता. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

“याला स्वयंसेवा म्हणतात,” विश्वनाथनं समजावलं.

“म्हणजे आपली आपणच करायची?”

“हो.”

“मग तिला सेवा कशाला म्हणायचं?”

विश्वनाथ हसला. बुवा हसले नाहीत.

“तू इथं काय वाढायचास रे?”

“आमटी! मी आणि भैरू.” खानावळीचा मालक एकदम विरघळला. “काय दिवस होते, बुवा! उत्सवाची पंगत, हातात पितळी बादली आणि मागनं तुमचा दम... हवं का म्हणून विचारायचं नाही, पान बघायचं!”

त्या पंगतींत मीही जेवलोय. तशी आमटी पुन्हा कुठे मिळाली नाही, आणि हे मी विश्वनाथच्या तोंडावरसुद्धा सांगेन.

“तेव्हा मठात वाढप्यांची चणचण होती?” बुवांनी विचारलं.

“छे हो! एकमेकांच्या पायात यायचो.”

“मग तुझ्या हातात बादली का दिली?”

तेव्हा विश्वनाथच्या घरी चूल पेटत नव्हती. तो जेवायलाच आला होता, पण फुकट जेवायची लाज वाटून दारात उभा राहिला होता.

“आठवतंय,” तो हळूच म्हणाला. “सगळं आठवतंय. पण बुवा, अशानं धंदा वाढायचा कसा?”

जेवणाची वेळ झाली होती. बुवा उठले. त्यांनी केळीचं पान पुसून पुढ्यात मांडलं आणि पाटावर बसले.

“मिठापासून,” ते म्हणाले. “मीठ तू घे. आमटी भैरूकडं दे.”